सहा, सहा, सहा आणि चार

आमच्या मराठीच्या सरांना एखादी कविता आवडली की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कधीच कळलं नाही. चेहरा ग्रामपंचायतीच्या फळ्यासारखा होता; एकदा लिहिलेलं वर्षभर पुसायचं नाही. बघायचे असत ते पाय. कविता नीट चालली, तर आधी उजव्या पायाचा अंगठा चपलेतून बाहेर येई, मागोमाग टाच निघे, आणि मग टेबलाखाली दोन्ही पाय जागच्या जागी चालू लागत. ओळ लंगडली की पाय थबकत आणि मुकाट्यानं चपलेत परत जात. कवीनं तेवढ्यावरून काय ते समजून घ्यायचं.

मी त्या शाळेत गणित शिकवायला गेले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळा बीदर जिल्ह्यात, हुलसूरच्या पुढं, जिथं मोबाईलला एका खोलीत कर्नाटक आणि दुसऱ्या खोलीत महाराष्ट्र मिळतो अशा गावात. मराठी माध्यमाची. पोरं घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड, आणि भांडायला दोन्ही भाषा कमी पडल्या तर दखनी. पहिल्याच दिवशी मी खिडकीतून बघितलं, तर मैदानावर पन्नाशीतला एक किडकिडीत गृहस्थ, अनवाणी, हातात पुस्तक, एक आखूड पाऊल आणि दोन लांब टांगा, परत एक आखूड आणि दोन लांब, असा चालला होता. त्याच्या मागं नववीचा अख्खा वर्ग रांगेनं तसाच. मला वाटलं शिक्षा आहे. शिपायाला विचारलं. तो घंटा पुसत म्हणाला, "न्हाई बाई, भुजंगप्रयात हाय."

सरांची पद्धत साधी होती. लघु अक्षराला आखूड पाऊल, गुरूला लांब टांग. झेंड्याच्या कट्ट्याजवळ चुन्याची एक रेघ मारलेली असे. तिथून निघायचं आणि ओळ संपेल तिथं थांबायचं. भुजंगप्रयात कडुलिंबापाशी संपे. शार्दूलविक्रीडित बोअरवेलपर्यंत जाई, आणि उंच पोरांचं त्याच्याही पुढं. मंदाक्रांतेत आधी चार लांब टांगा आणि मग पाच धावती पावलं, त्यामुळं ती मुलींची लाडकी होती. ज्यांना पुस्तकात गण पाडता येत नसत, त्यांना मैदानात बिनचूक येत. अभंगाला लघु-गुरूची भानगड नाही, नुसती अक्षरं मोजायची. सहा पावलं, सहा पावलं, सहा पावलं, चार पावलं, थांबा. पाचवीची पोरं सुट्टीतसुद्धा तो खेळायची. खेळाच्या सरांची तक्रार एवढीच की कबड्डीसाठी आणलेला चुना मराठीत संपतो.

अलंकारांच्या बाबतीत सरांचे नियम जास्त कडक होते. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं वर्गात चालत नसत. बाजाराच्या दिवशी प्रत्येकानं कानावर पडलेला एक अलंकार आणायचा, आणि तो कुणाच्या तोंडून पडला तेही सांगायचं. उपमेबद्दल त्यांचा स्वतःचा एक कायदा होता: उपमान असं पाहिजे की सकाळच्या बसनं जाऊन, ते बघून, संध्याकाळी घरी परत येता यावं. त्यामुळं आमच्या शाळेत समुद्राला बंदी होती. हिमालय, कमळं भरलेलं सरोवर, राजहंस, सगळे बाद. चंद्राला सूट होती, कारण तो दिसतो. बीदरच्या आकाशात घिरट्या घालणारी विमानं चालत. बिदरीचा काळा तांब्या चालत असे, चांदीच्या नक्षीसकट.

पोरं काय काय आणायची. एकीची आई म्हणाली होती, डाळ शिजायचं नाव घेईना, रुसलेल्या सासूवाणी बसलीय. एकानं कंडक्टरकडून अतिशयोक्ती आणली. सातवीतल्या एका पोरानं लिहिलं की आमचं रेडकू संस्थेच्या अध्यक्षांसारखं चालतं. सरांनी पूर्ण गुण दिले, फक्त ते वर्गात वाचून दाखवलं नाही. मला स्टाफरूममध्ये वही दाखवून म्हणाले की ह्यात उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द, चारी अंगं आहेत, आणि दोन्ही गोष्टी पायी जाऊन तपासता येतात.

ह्या माणसानं स्वतः मात्र एक ओळही लिहिली नव्हती. आमच्या भागात हे नवल आहे. इथं बारशाला, बदलीला, ट्रॅक्टर घेतला तरी कविता होते. कुणी सरांना "कविवर्य" म्हटलं की ते मागं वळून बघत, कोण आलं म्हणून.

त्यांच्या पायांमुळं एकदा दहावीची परीक्षा धोक्यात आली होती. आमच्या पोरांचं केंद्र दुसऱ्या गावात. मराठीचा पेपर, प्रश्न गण पाडून वृत्त ओळखण्याचा. वर्गावर कन्नड माध्यमाचे एक शिक्षक. त्यांनी बघितलं की तोंडं बंद आहेत, नजरा खाली आहेत, पण बाकांखाली सगळ्या खोलीचे पाय एकाच तालात हलायलेत. त्यांनी ओळखलं की ही कॉपीची नवी तऱ्हा आहे आणि भरारी पथक बोलावलं. पथकाच्या साहेबांनी हुकूम सोडला की कुणीही पाय हलवायचा नाही. आणि पोरांचे पेन थांबले. एक मुलगी रडायला लागली, म्हणाली, पाय धरून ठेवले तर गण पडत न्हाईत साहेब.

सर फाटकाबाहेर पालकांत उभे होते. त्यांना आत बोलावलं. त्यांनी कन्नडमध्ये सगळं समजावून सांगितलं, आणि अर्थातच कुणाचा विश्वास बसला नाही. साहेब म्हणाले, मी शाळेत पाठ केलेलं एक कन्नड पद्य म्हणतो, चालून दाखवा. सरांनी चपला काढल्या आणि व्हरांड्यातून निघाले. साहेब म्हणत गेले, सर चालत गेले. तिसऱ्या ओळीत त्यांचा एक पाय उचलला तो तसाच हवेत राहिला. साहेबही थांबले. सर म्हणाले की इथं तुम्ही एक अक्षर खाल्लंत. साहेबांनी ओळ बोटांवर मोजली, मग त्यांना ते अक्षर आठवलं. त्यांनी ओळ परत म्हटली, सरांचा पाय खाली आला. पोरांना गेलेली दहा मिनिटं परत मिळाली. पथकाच्या वहीत साहेबांनी लिहिलं: पायांची हालचाल आढळली, आक्षेपार्ह नाही.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय सर पूर्ण होत नाहीत.

मी बीदरजवळच्या जनवाड्याची. माझे वडील मजुरी करत करत शिकले, तलाठी कार्यालयात शिपाई झाले, आणि मला गणितात एम.एस्सी. केलं. घरातली पहिली कायम नोकरी त्यांची, दुसरी माझी व्हायची होती. पण मी त्या शाळेत सहा वर्षं तात्पुरतीच होते. दर जूनला नवं पत्र, दर एप्रिलला निरोप. शेवटी जागा मंजूर झाली. कायम करण्याचा प्रस्ताव तयार झाला, सगळ्यांच्या सह्या झाल्या, आणि महिनाअखेरीच्या आत तो बीदरच्या कार्यालयात पोचायला हवा होता. उरली फक्त अध्यक्षांची सही.

अध्यक्षांना गाव अप्पा म्हणतं. तुरीच्या डाळमिलचे मालक. माणूस वाईट नाही, पण हार घातल्याशिवाय त्यांना नीट श्वास घेता येत नसे. त्याच महिन्यात त्यांचा कवितासंग्रह निघत होता. नाव होतं 'हुंकार हिमशिखरांचे'. अप्पा जास्तीत जास्त हैदराबादपर्यंत गेलेले. मी फाईल घेऊन गेले तेव्हा ते मुखपृष्ठावरचा स्वतःचा फोटो थोडा डावीकडं घ्यायला सांगत होते. म्हणाले, "बाई, सही कुठं पळून जायलीय? समारंभ होऊन जाऊ द्या." समारंभ रविवारी होता. महिना बुधवारी संपत होता.

तेवढ्यात कलबुर्गीहून येणाऱ्या मुख्य वक्त्यांनी गुडघ्याचं कारण सांगून माघार घेतली. आणि अप्पांनी त्यांच्या जागी आमच्या सरांचं नाव घातलं.

हेडक्लार्कनं मला ही बातमी सांगितली तेव्हा तो आधी दार लावून आला. कारण सर आणि व्यासपीठ यांची गाठ अकरा वर्षांपूर्वी एकदाच पडली होती. कुठल्याशा सत्कारात एका वक्त्यानं अप्पांना वटवृक्षाची उपमा दिली, आणि सरांनी जागेवरून, अगदी वर्गातल्या आवाजात विचारलं होतं, "पारंब्या कुठं हाईत?" तेव्हापासून त्यांना मागच्या रांगेत खुर्ची मिळत असे. मग आता कामून त्यांनाच बोलावलं, असं मी विचारलं. हेडक्लार्क म्हणाला, अप्पांना जिल्ह्यातल्या सगळ्यांनी चांगलं म्हटलंय बाई, हे एकच माणूस शिल्लक राहिलंय.

त्याच संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. सही, बुधवार, वडील, सहा वर्षांचे जून आणि एप्रिल. त्यांच्या बायकोनं चहा दिला आणि दारातच उभी राहून ऐकलं. मी म्हटलं, सर, दोन बरे शब्द बोला, तुमचं काय जातंय.

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला खोटं बोलायला येत न्हाई असं न्हाई, बाई. हिला विचारा. पर समोर सतरंजीवर आपली पोरं बसतेत. तोंड काय बी बोलंल. पाय टेबलाखाली असतेत, आन् पोरांची नजर नेमकी तितकीच उंच असती. सोमवारी वर्गात काय सांगू त्यांना?"

मी म्हटलं, टेबलाला जमिनीपर्यंत कापड लावू.

त्यांनी ह्यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले की गणितवाल्यांचं असंच असतं, उत्तर बरोबर आणि रीत चूक. हेडक्लार्कनं माझ्याबरोबर पाठवलेली पुस्तकाची एक प्रत मात्र ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी प्रार्थनेच्या आधी सर मैदानात दिसू लागले. हातात 'हुंकार'. चुन्याच्या रेघेवर उभं राहायचं, पान उघडायचं, निघायचं. तीन पावलं, चार पावलं, थांबायचं. मागं फिरायचं. पान उलटायचं. मी वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून बघत होते, आणि बघू नये असं ठरवून रोज बघत होते. संग्रहात एक्कावन्न कविता होत्या. पहिल्या कवितेत अप्पा सूर्य होते, दुसरीत सागर. नवव्या कवितेपर्यंत त्यांनी भूगोल संपवला होता. एकदा सर जवळजवळ कडुलिंबापर्यंत पोचले आणि मी खिडकीतून बाहेर वाकले. पण शेवटच्या दोन अक्षरांनी घात केला. ते कडुलिंबाला नुसता हात लावून परत आले. पोरं कट्ट्यावर बसून बघायची आणि एकमेकांना सांगायची, सर परत आले, सर परत आले.

शनिवारी सकाळी ते शेवटच्या पानावर होते. मी मोजत होते, त्यामुळं मला माहीत होतं. त्या कवितेला शीर्षक नव्हतं, पानाच्या तळाशी, छापखान्याच्या नावाच्या वर, जागा उरली म्हणून घातल्यासारखी होती. सर निघाले. सहा पावलं. सहा पावलं. सहा पावलं. चार पावलं. थांबले. आणि मागं आलेच नाहीत. प्रार्थनेची घंटा झाली, पोरं रांगेत उभी राहिली, तरी हा माणूस मैदानाच्या मध्यात अनवाणी उभा.

नंतर स्टाफरूममध्ये मला त्यांनी एकच विचारलं. "बाई, अप्पांना थोरली बहीण हाय का?"

मला माहीत नव्हतं. हेडक्लार्कला माहीत होतं. आहे, अक्का, अप्पांच्याच घरी असतात, अजून मिलमध्ये जाऊन तूर निवडत बसतात, नको म्हटलं तरी.

रविवारी मांडव भरला होता. टेबलाला जमिनीपर्यंत लाल कापड होतं. ते मी आणि हेडक्लार्कनं स्वतः लावलं होतं. सतरंजीवर पोरं. डाव्या अंगाला बायका. मंचावर फेटे इतके की माणसं कमी दिसत होती. चार वक्ते बोलले. एकानं सूर्य घेतला, एकानं सागर, एकानं हिमालय, आणि चौथ्याला काही उरलं नाही म्हणून त्यानं परत सूर्यच घेतला. मी कापडाकडं बघत होते. त्याच्या मागं चपलेतले पाय काय करायलेत ते मला दिसत नव्हतं, आणि माहीत होतं.

सरांचं नाव पुकारलं. ते उठले, टेबलाला वळसा घालून पुढं आले आणि चपला काढल्या. पोरांत एक हालचाल झाली. सर मंचावरून खाली उतरले, सतरंजीच्या पुढच्या मोकळ्या जागेत, माईकची वायर मागं ओढत. मी मनातल्या मनात बुधवारचं विसरायला सुरुवात केली.

"संग्रहात एक्कावन्न कविता हाईत," सर म्हणाले. "मी सगळ्या चाललो. पन्नासांबद्दल माझ्या आधीचे वक्ते बोललेत. मी राहिलेल्या एकीबद्दल बोलतो."

ह्या वजाबाकीत काय आहे ते मला लगेच कळलं. मंचावर ते कुणाला कळलं नाही, टाळ्या पडल्या. मग सरांनी पुस्तक बंद केलं आणि चालत चालत म्हणाले:

अक्का तुझी पाटी । माझ्या हाती आली ।
तुझी शाळा गेली । माझ्यापायी ॥

सहा, सहा, सहा आणि चार. चौथ्या पावलावर ते थांबले आणि सतरंजीवरच्या झाडून सगळ्या पोरांचे पायही तिथंच थांबले. 

"ह्यात उपमा न्हाई," सर म्हणाले. "रूपक न्हाई, अनुप्रास न्हाई, काईच न्हाई. उपमेय समोर बसलेलं असलं की उपमान लागत न्हाई." आणि माईक एका पोराच्या हातात देऊन चपला शोधायला लागले. एवढंच त्यांचं भाषण.

मी अप्पांकडं बघितलं. त्यांची मान खाली होती आणि फेटा पुढं घसरला होता, त्यामुळं तोंड दिसत नव्हतं. पन्नास कविता गेल्या हे उशिरा कळल्याचा राग असेल, किंवा जी लपवायला शेवटच्या पानाच्या तळाशी टाकली तीच नेमकी उघड्यावर आणल्याचा. दोन्हींतून सही निघत नव्हती.

तेव्हा बायकांच्या बाजूनं आवाज आला. जाड भिंगाचा चष्मा, इरकली लुगडं, पायांत मिलची धूळ. धाकट्या भावाला आमच्याकडं कन्नडमधून तम्मा म्हणतात.

"तम्मा," अक्का बसूनच म्हणाल्या, "ती पाटी फुटकी होती रे. चांगली होती ती तर मीच आधी फोडली. आन् शाळेचं काय सांगायलास, मलाच जायचं नव्हतं. मास्तर लई मारायचा."

मांडव हसला. अप्पांनी फेटा वर सारला. डोळे ओले होते, पण त्यापेक्षाही मला आठवतं ते दुसरंच: इतक्या वर्षांत त्यांना मी पहिल्यांदा मान पुढं काढून बसलेलं बघितलं, हार असल्याचं विसरून.

"खरं, अक्का?"

"व्हय की. तवाच विचारायचं न्हाई व्हय? पुस्तक छापायला कशाला गेलास."

मग मात्र समारंभ जो काही मोडला तो मोडलाच. आभारप्रदर्शन कुणी केलं नाही. अप्पा मंचावरून उतरून बायकांच्या बाजूला जाऊन बसले. जेवणं सुरू व्हायच्या आधी त्यांना माझी आठवण झाली, की हेडक्लार्कनं करून दिली, कोण जाणे. मला बोलावलं, 'हुंकार'च्या न विकलेल्या गठ्ठ्यावर फाईल ठेवली आणि सही केली. पेन दोनदा अडलं. म्हणाले, "इतकंच होतं व्हय बाई? आधी सांगायचं की." मी सहीवरची शाई फुंकून वाळवली. 

पंगतीत मी मुद्दाम अक्कांच्या शेजारी बसले. गव्हाची हुग्गी, म्हणजे गूळ घातलेली खीर, वाढत होते; मी दोनदा घेतली, सहा वर्षांत एवढी भूक मला लागली नव्हती. तिसऱ्या घासाला मी हळूच विचारलं, अक्का, खरंच शाळा आवडत नव्हती? त्यांनी पत्रावळीवरचं मीठ बोटानं जरा सारखं केलं.

"खा बाई," त्या म्हणाल्या. "हुग्गी थंड व्हायलीय."

बुधवारच्या आधी मंगळवारीच फाईल बीदरला पोचली. मी स्वतः बसनं गेले. शिक्का बसलेली पोच हातात आली तेव्हा मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, शिक्का नीट उमटलाय ना, ते बघ आधी.

परत आल्यावर मी सरांना विचारलं. मनात होतं की आभार मानावेत, पण त्याआधी हेही जाणून घ्यावं की ते जे बोलले ते माझ्यासाठी की कवितेसाठी. त्यांना प्रश्न आवडला नाही. खडूचे तुकडे डबीत भरत म्हणाले, "चाललो तुमच्या फायलीसाठी. थांबलो ते फायलीसाठी न्हाई."

आणि अक्का खरं बोलल्या का, असंही मी विचारलं. ते म्हणाले की ओळ चालली एवढं मी सांगू शकतो, बाकीचं बहीण-भावाचं आहे.

ह्या प्रकरणाचा एक वाईट परिणाम झाला तो सांगायला हवा. अप्पांना वाटलं की गुपित अक्षरसंख्येत आहे. पुढच्या वर्षी त्यांचा दुसरा संग्रह आला, सगळा सहा-सहा-सहा-चार. डाळमिलवर, पाणीपुरवठ्यावर, नव्या बसस्टँडवर. सर परत दोन आठवडे मैदानात दिसले. अक्षरं बरोबर होती, पाय अडत नव्हते, तरी अंगठा काही चपलेबाहेर येईना. सर म्हणाले, नुसतं चालणं म्हणजे काय, ते रेडकूसुद्धा चालतंय. पण समुद्र गेला होता, हिमालय गेला होता. एवढी सुधारणा मी तरी दुसऱ्या कुठल्या अध्यक्षात पाहिलेली नाही.

मागच्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोप समारंभ त्यांना नको होता, पण आमच्याकडं माणसाला समारंभाशिवाय घरी जाऊ देत नाहीत. मंचावर टेबल होतं. कापड लावायचं नाही असं मी सांगून ठेवलं होतं. मी कधी नव्हे ती सतरंजीवर, पोरांत बसले. मुख्याध्यापकांनी मानपत्र वाचलं. ज्ञानसूर्य आला, दीपस्तंभ आला. दीपस्तंभ बघायला आमच्याकडून सकाळची बस नाही. सरांचे पाय चपलेत शेजारी शेजारी ठेवलेले होते, दुकानात ठेवतात तसे.

मग माझं नाव आलं. मी गणिताची बाई; आयुष्यात कविता केली नव्हती. आठ दिवस बोटं मोजून चार तुकडे जुळवले होते आणि कागद घामानं ओला झाला होता. मी माईकसमोर उभी राहिले. चेहऱ्याकडं बघायचं नाही हे मला माहीत होतं. खाली बघून म्हटलं:

सर जाती घरा ।

अंगठा बाहेर आला. टाच निघाली. सहा.

मैदान राहिले ।

दोन्ही पाय चालू लागले. परत सहा. सतरंजीवर पोरांचेही पाय निघाले होते, दिसत नव्हतं पण ऐकू येत होतं. तिसरा तुकडा होता "चालाया शिकले". मी त्या पायांकडं बघता बघता म्हटलं, "चाला... शिकले."

सरांचा उजवा पाय उचललेला होता. तो तिथंच राहिला. टेबलाखाली, जमिनीपासून वीतभर वर, अनवाणी. चेहरा नेहमीचाच, फळ्यासारखा. मुख्याध्यापकांना वाटलं माझं झालं, ते टाळी वाजवायला गेले. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांचे हात तसेच राहिले. पाय खाली येईना. साठीचा माणूस, एका अक्षरासाठी थांबला होता, आणि मी ते दिल्याशिवाय घरी जाणार नव्हता.

मी पाणी प्याले. ओळ पहिल्यापासून घेतली.

चालाया शिकले । पाय माझे ॥

पाय खाली आला. मग चार पावलं, मोजून. आणि थांबला.